सोकोरोची पाठ आणि डेल्मरची बग्गी

"यंदा मोठ्या टेकडीवर चढताना सोकोरोच्या कपातली कॉफी नुसती हिंदकळली, तरी मिशी उतरवून ठेवीन!"

अशी प्रतिज्ञा डेल्मर प्रुइटने ऑगस्टमधल्या एका सकाळी केली. आरशासमोर केली, दार लावून केली आणि हळू आवाजात केली. कारण एक आरसा सोडला तर अख्ख्या हॉल्टव्हिलमध्ये त्याचा कुणावरच विश्वास उरला नव्हता.

तसा डेल्मर वाईट माणूस नाही. त्याचा सगळा जन्म कालव्यावर गेला. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे त्याचं काम. या कामात माणूस एवढंच शिकतो, की जो सकाळी टोपी काढून हसतो तोच पाठ वळल्यावर दरवाजाची फळी चार बोटं वर उचलून पाणी चोरतो! डेल्मर निवृत्त झाला, पण त्याची नजर काही निवृत्त झाली नाही. पोस्टमन हसला तरी 'हा का हसला?' याचा विचार करत हा फाटकापासून दारापर्यंत यायचा. कुठे पाणी मुरतंय हे शोधण्याचा पगार त्याला इतकी वर्षं मिळाला होता. आता तेच काम तो फुकट करत होता.

आता बग्गीचं, म्हणजे वाळूत पळवायच्या उघड्या गाडीचं, सांगतो. नारिंगी रंगाची, फायबरच्या अंगाची, जुन्या बीटल गाडीचा सांगाडा आखूड करून त्यावर बसवलेली. डेल्मर लग्नाआधीपासून तिच्यावर जीव लावून होता आणि त्याच्या बायकोला, सोकोरोला, ते माहीत होतं. दर थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या टर्कीच्या सणाला, आमची अख्खी व्हॅली वाळूत जाऊन राहते, तशी ही दोघंही जायची. संध्याकाळी टर्की तेलात पडायच्या आधी दोघांनी बग्गीतून मोठी टेकडी चढायची, माथ्यावर थर्मासमधली कॉफी प्यायची, खाली यायचं आणि मगच जेवायचं. मुलं झाली, मोठी झाली, दूर गेली. हा नेम चुकला नाही.

पण गेल्या वर्षी टेकडीच्या पायथ्याशी एक खड्डा आडवा आला. बग्गी उडाली आणि अशी आदळली, की सोकोरो तीन दिवस बर्फाची पिशवी पाठीखाली घेऊन आढ्याकडे बघत पडून राहिली. चौथ्या दिवशी उठली आणि म्हणाली, "या डबड्यात मी पुन्हा बसणार नाही. तू आणि तुझी बग्गी, दोघं सुखाने नांदा!"

हे डेल्मरच्या जिव्हारी लागलं. शेजारची सीट रिकामी ठेवून टेकडी चढायची म्हणजे पाहुणे न बोलावता लग्न लावण्यासारखं. त्याने आठ-नऊ महिने विचार केला आणि ठरवलं, की दोष बायकोच्या पाठीत नाही, बग्गीच्या पाठीत आहे.

आणि ते खरंही होतं. जुन्या बीटलची मागची चाकं गुडघे नसलेल्या माणसासारखी असतात. धक्का बसला की सरळ कमरेत! डेल्मरने ते सगळं काढून टाकून नवीन पद्धतीचं सस्पेन्शन बसवायचं ठरवलं. प्रत्येक चाकाला आपापला हात, आपापला शॉक ॲब्सॉर्बर. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला त्याची खबरही लागू नये! आणि हे सोकोरोला सांगायचं नाही. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी एकदम ताडपत्री ओढायची आणि म्हणायचं, "बस!"

बेत झकास होता. पण ज्याला स्वतःला काही लपवायचं असतं, त्याला सगळं जग काहीतरी लपवतंय असं वाटायला लागतं. इथंच घोडं पेंड खायला लागलं.

"गॅरेजचं दार का लावलंयस?" सोकोरोने पहिल्याच दिवशी विचारलं. "बाहेर भट्टी पेटलीय. आत भाजून निघशील!"

"धूळ येते," डेल्मर म्हणाला.

"हॉल्टव्हिलमध्ये राहून धुळीला दार लावतोस? उद्या समुद्रात उभा राहून छत्री मागशील!"

"नाजूक काम आहे. कार्बुरेटर साफ करतोय."

त्यावर सोकोरो नुसतं "हं" म्हणाली. डेल्मरला तो "हं" आवडला नाही. एवढा छोटा "हं" तिने आजवर कधी काढला नव्हता!

आठवड्याभरात कुंपणापलीकडून दुसरी चौकशी आली. पलीकडे रोसेंडो किहादा राहतो. डेल्मरने त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं होतं, त्यामुळे तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणतात. म्हणजे मित्रापेक्षा जवळचा आणि भावापेक्षा कमी भांडणारा. रोसेंडोची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्याकडे वाळूत चालवायचं नवंकोरं चार सीटचं यंत्र होतं, सोफ्यासारख्या गाद्यांचं. आणि त्याचे सगळे दात अजून स्वतःचे होते. डेल्मरला दातांचं जास्त खुपायचं.

"कोंपाद्रे! काय ठोकाठोक चाललीय?"

"कार्बुरेटर साफ करतोय!"

"एवढ्या मोठ्या हातोड्याने?"

"मळ घट्ट बसलाय!"

रोसेंडो हसला आणि निघून गेला. 'एवढ्या लवकर का गेला?' डेल्मरने दाराच्या फटीला डोळा लावून बघितलं. रोसेंडो आपल्या टोमॅटोंना पाणी घालत होता. भर दुपारी! कालव्यावर जन्म काढलेल्या माणसाला कळतं, की भर दुपारी टोमॅटोला पाणी घालणारा माणूस टोमॅटोसाठी घालत नसतो.

काम पुढे सरकत होतं. जुने ॲक्सल निघाले, नवे हात आले. या गाड्यांना मागे स्प्रिंगच्या जागी एक जाडजूड लोखंडी दांडा असतो. तो पीळ घेतो आणि गाडीचं वजन पेलतो. त्याच्या दोन्ही टोकांना दाते असतात. ते नेमक्या घरात बसवावे लागतात. एक घर इकडेतिकडे झालं, की गाडीची मागची बाजू एक तर जमिनीला टेकते नाही तर आभाळाकडे जाते. डेल्मरने दांडे बसवले, समाधानाने हात पुसले आणि जेवायला गेला. परत येऊन बग्गी टेकूच्या लोखंडी घोड्यांवरून खाली उतरवली, तर मागची बाजू रागावलेल्या मांजरासारखी ताठ वर!

आता तुम्ही-मी म्हटलं असतं, 'घर चुकलं.' डेल्मर म्हणाला, "कुणीतरी आत आलं होतं!"

मग काय! त्याने स्वयंपाकघरातून सोकोरोचं टॉर्टिलांचं पीठ आणलं आणि संध्याकाळी गॅरेजच्या दारात पसरून ठेवलं. सकाळी उठून बघतो तर पिठात ठसे! चांगले ठसठशीत, डाव्या टाचेला झिजलेले! ठशांच्या मागे मागे, वाकून, नाक जमिनीला लावत तो निघाला. ठसे अंगणातून मागच्या दारात गेले, स्वयंपाकघरातून गेले, आणि थेट त्याच्याच पलंगाखाली त्याच्याच सपातांपाशी जाऊन थांबले. पीठ नीट पसरलंय की नाही हे बघायला तो स्वतःच दोनदा उठला होता!

"माझं पीठ कुठाय?" आतून सोकोरोचा आवाज आला.

"कार्बुरेटरला लागलं!" डेल्मर म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की हे काही फारसं जमलं नाही.

दांडे पुन्हा काढून एक घर खाली बसवले, बग्गी शहाण्यासारखी उभी राहिली. पण संशयाला मात्र त्या दिवसापासून पाय फुटले. दोन दिवसांनी डेल्मरने फटीतून काय बघावं? कुंपणापाशी सोकोरो उभी! तिच्या हातात तामालेंचं, म्हणजे मक्याच्या पानांत उकडलेल्या मुटक्यांचं, झाकलेलं पातेलं! पलीकडे रोसेंडो! दोघं हळू आवाजात बोलताहेत! डेल्मर खाकरत बाहेर आला, तर दोघंही एकदम गप्प.

"काय चाललंय?" डेल्मर म्हणाला.

"हवेचं बोलत होतो," रोसेंडो म्हणाला.

"काय बोलत होतात हवेचं?"

"गरम आहे म्हणून."

ऑगस्टमध्ये हॉल्टव्हिलमध्ये दोन माणसं कुजबुजत एकमेकांना सांगतात की हवा गरम आहे! डेल्मरला काय दुधखुळा समजले होते? आणि तामाले तर ख्रिसमसला करायची गोष्ट. नवऱ्याला वर्षातून एकदा आणि शेजाऱ्याला भर ऑगस्टमध्ये पातेलंभर?

कळस झाला तो पुढच्या रविवारी. डेल्मर चर्चमधून जरा आधी परतला, तर रोसेंडो आपल्या गॅरेजच्या दाराची रुंदी टेपने मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने डेल्मरच्या गॅरेजकडे बघितलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि मान डोलावली.

डेल्मरने आत जाऊन सगळा हिशेब जुळवला. सोफ्यासारख्या गाद्या. तामाले. स्वतःचे दात. यंदा थँक्सगिव्हिंगला सोकोरो रोसेंडोच्या यंत्रात बसून टेकडी चढणार! चढून तिथे कॉफी पिणार! आणि आपण खाली उभं राहून टर्कीचं तेल तापवणार! त्याला राग नंतर आला, आधी भीती वाटली. शेजारच्या सीटवर ती नसेल तर ती टेकडी म्हणजे नुसता वाळूचा ढीग, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो इरेला पेटून कामाला लागला.

राहिला होता गिअरबॉक्स. जुना गिअरबॉक्स नव्या ॲक्सलना चालत नाही. डेल्मरने जवळच्या एल सेंट्रो गावातल्या वेंडल टूमीकडून एक आणला. वेंडल एके काळी वाळूत शर्यती लावायचा. म्हातारा झाल्यावर त्याने गाडी मोडून सुटे भाग विकायला काढले होते. गिअरबॉक्स ट्रकमध्ये चढवताना तो म्हणाला, "हे बघ, माझ्या गाडीत इंजिन मध्ये होतं, गिअरबॉक्सच्या पुढे. तुझ्यात मागे आहे. तेव्हा हा खोलून आतला क्राऊन पलटून घे. विसरू नकोस."

डेल्मर मान हलवून निघाला. घरी पोचतो तोच कुंपणावरून रोसेंडोने ट्रकमध्ये डोकावून बघितलं.

"अरे, हा वेंडलचा ना? कोंपाद्रे, याच्या पोटातलं मोठं दातेरी चाक उलट्या बाजूला बसवलेलं असणार. आधी खोल, पलटव आणि मग लाव. हवं तर मी येतो मदतीला."

दोन माणसांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती खरी असेल, असं आपल्याला वाटेल. डेल्मरला वाटलं, 'म्हणजे हे दोघं आधी भेटलेत!'

सगळं लख्ख झालं. चांगला चालता गिअरबॉक्स आपल्या हातून खोलवून घ्यायचा. एकदा खोलला की शंभर वायसर आणि बारीकसारीक भाग टेबलावर. ते थँक्सगिव्हिंगपर्यंत परत बसत नाहीत! बग्गी गॅरेजात, सोकोरो सोफ्यावर! वा रे डाव!

"येतोस मदतीला?" डेल्मर डोळे बारीक करून म्हणाला. "ये ना. आणि टेप पण घेऊन ये!"

रोसेंडोचा चेहरा पडला. "टेप? तुला कुणी सांगितलं टेपचं?"

"मला सगळं माहीत आहे!"

"सोकोरोने सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे?" असं म्हणून डेल्मरने गॅरेजचं दार धाडकन आपटलं. गिअरबॉक्स जसा होता तसाच, एक वायसरही न हलवता, बग्गीत चढवला. खोलायचा नाहीच! मेलो तरी नाही!

आता बग्गी चालवून बघायची होती. पण गल्लीत काढली तर बिंग फुटणार. म्हणून त्याने ती बंद दाराआड, मागची चाकं अधांतरी राहतील अशी, लोखंडी घोड्यांवर चढवली, वर बसला, सुरू केली आणि पहिला गिअर टाकला. मागची चाकं गरगर फिरली. दुसरा टाकला, आणखी गरगर. तिसरा, चौथा, सगळे लोण्यासारखे पडले. चाकं एवढ्या वेगाने फिरायला लागली, की ती फिरताहेत एवढंच दिसत होतं. कुठल्या बाजूला फिरताहेत हे बघायचं असतं, असं कुणाच्या डोक्यात तरी येईल का? डेल्मरच्याही आलं नाही.

थँक्सगिव्हिंगचा दिवस उजाडला. ग्लॅमिसच्या वाळूत छावणी पडली होती. सगळीकडे ट्रेलर, शेकोट्यांची लाकडं आणि प्रत्येक गाडीवर शेंडीसारखा उंच झेंडा. उतरणीपलीकडून कोण येतंय हे कळावं म्हणून तो लागतोच. रोसेंडोने मोठा मांडव उभारला होता, खाली जेवणाचं लांबलचक टेबल आणि टेबलावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी केलेल्या भोपळ्याच्या पाई, म्हणजे गोड सारण भरून भाजलेल्या गोल पोळ्या, ओळीने मांडलेल्या. उन्हं कलली, तसा डेल्मर ट्रेलरपाशी गेला. बग्गी दोरखंडाने हळूच खाली उतरवलेली होती, ताडपत्रीखाली झाकून.

"सोकोरो! इकडे ये जरा!"

सोकोरो आली. तिच्या मागे रोसेंडो आला. त्याच्या मागे सगळी छावणी आली. डेल्मरने ताडपत्री ओढली.

नारिंगी रंग आरशासारखा चमकत होता. डेल्मरने मागच्या बाजूला दोन्ही हातांनी भार दिला. बग्गी अलगद खाली बसली आणि अलगद वर आली. जमलेल्या म्हाताऱ्यांनी वाकून खालचं नवं काम बघितलं आणि तोंडात बोटं घातली.

"हे सगळं तू... दार लावून..." सोकोरो वाकून चाकांकडे बघत म्हणाली.

"तुझ्या पाठीसाठी," डेल्मर म्हणाला. सीटवरची वाळू झटकून पुन्हा म्हणाला, "बसतेस?"

सोकोरोचे डोळे भरून आले. तिने रोसेंडोकडे बघितलं. हे डेल्मरने टिपलं. रोसेंडोने खांदे उडवले. हेही टिपलं! पण तेवढ्यात ती थर्मास घेऊन सीटवर चढून बसली सुद्धा. झालं! जिंकलो! डेल्मरने चष्मा चढवला, रोसेंडोच्या सोफ्याकडे एक नजर टाकली आणि ओरडला, "मागे उभे आहात त्यांनी धूळ खायला तयार राहा!"

पहिला गिअर! ॲक्सिलरेटर! क्लच सोडला!

मागे उभे होते त्यांनी धूळ खाल्ली नाही, कारण त्यांना पळावं लागलं. बग्गी तोफेच्या गोळ्यासारखी उलटी सुटली! लोक दोन्ही बाजूंना उड्या मारताहेत, कुत्री भुंकताहेत, सोकोरो थर्मास छातीशी धरून "डेल्मर! डेल्मर!" ओरडतेय, आणि डेल्मर पुढे बघत स्टिअरिंग फिरवतोय! मांडवाचा एक खांब गेला. दुसरा गेला. झेंड्याच्या काठीत मांडवाचं कापड अडकलं आणि बग्गी नवरीसारखा पदर ओढत पाईंच्या टेबलाला घासून वाळूच्या ढिगाऱ्यात जाऊन रुतली.

एक पाई टेबलावरून घरंगळत खाली पडली.

"हात चुकला," डेल्मर म्हणाला. "रिव्हर्स पडला असेल."

कापड काढलं, बग्गी ढकलून बाहेर काढली. त्याने नीट बघून, लिव्हर हलवून पहिला गिअर टाकला. बग्गी मागे गेली. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे गेली! शेवटी घाम पुसत रिव्हर्स टाकला, तर बग्गी पुढे निघाली. गाभण म्हशीच्या चालीने, पण पुढे.

"चार रिव्हर्स आणि एक पुढचा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. मग हसण्याचा असा लोंढा आला, की कालव्याचा दरवाजा फुटला तरी एवढं पाणी येत नाही.

डेल्मर खाली उतरला. मिशी थरथरत होती. बोट रोखून तो रोसेंडोवर धावला. "हे तू केलंस!"

"मी? अरे, मी तर तुला पलटवायला सांगत होतो!"

"म्हणूनच! मी पलटवणार नाही हे तुला माहीत होतं!"

यावर रोसेंडोने कपाळावर हात मारून घेतला. शेवटी सोकोरोच उतरली आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "काय पलटवायचं? कुणी कुणाला काय सांगितलं होतं?"

"तूच सांग!" डेल्मर फुटला. "तामाले कशासाठी? टेप कशासाठी? यंदा त्याच्या सोफ्यावर बसून टेकडी चढणार होतीस ना?"

सोकोरोने कमरेवर हात ठेवले. "मूर्खा! मला वाटलं तू बग्गी विकतोयस!"

"मी?"

"मग काय वाटणार? दार लावून बसायचास. विचारलं की कार्बुरेटर! पिठालासुद्धा कार्बुरेटर! मी म्हटलं, मी बसणार नाही म्हणाले म्हणून याचं मन तुटलं आणि हा तिला विकायला सजवतोय. तोंडाने तर तू काही बोलणार नाहीस. म्हणून रोसेंडोच्या हातापाया पडले, की बाबा, बाहेरच्या कुणाला जायच्या आधी तूच घे, निदान कुंपणापलीकडे तरी राहील! म्हणून त्याने मोजलं, त्याच्या गॅरेजात मावते का ते. तामाले त्याच्यासाठी!"

डेल्मरचं बोट हवेतच राहिलं. "मावत होती?" त्याने हळूच विचारलं.

"टोमॅटो काढावे लागले असते," रोसेंडो म्हणाला.

त्या क्षणी डेल्मरला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वाळूत ते अवघड नसतं, पण वेळेवर काही होत नाही. जिच्यासाठी सगळं केलं तिच्यावरच त्याने संशय घेतला होता. आणि ज्याच्या दातांवर डोळा ठेवला, तो बिचारा आपले टोमॅटो उपटायला तयार होता! त्याने टोपी काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कोंपाद्रे, मी गाढव आहे. सोकोरो, मी त्याहून मोठा गाढव आहे. आजपासून, या टेकडीची शपथ, मी कुणावर संशय घेणार नाही. नाही म्हणजे नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण सूर्य काही टाळ्यांसाठी थांबत नाही. सोकोरो टेकडीकडे बघत होती. त्या एका पुढच्या गिअरने टेकडी चढणं शक्य नव्हतं. वाळूचा चढ धावत घ्यावा लागतो, नाही तर गाडी अर्ध्यात रुतते.

"उलटीच घेऊन जा ना," रोसेंडो म्हणाला. "उलटे गिअर चार आहेत. फक्त मागची चाकं डावी-उजवीकडे अदलाबदल करूया. टायरवरच्या पट्ट्या वल्ह्यासारख्या आहेत, त्यांचं तोंड फिरवलं की उलटं जातानाही वाळू पकडतील."

'आता हा माझी चाकंसुद्धा...' डेल्मरच्या मनात आलंच. त्याने ते गिळलं. शपथ होऊन पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती.

सगळ्यांनी हात लावला आणि चाकं बदलली गेली. सोकोरो पुन्हा चढून डेल्मरच्या उजव्या हाताला बसली, पण या वेळी मागे वळून, सीटच्या पाठीला धरून. डेल्मरला मागचं काही दिसत नव्हतं, मध्ये इंजिन होतं. रस्ता तिनेच सांगायचा होता.

"सोड!" सोकोरो ओरडली.

बग्गी उलटी सुसाटली. "डावीकडे! डावीकडे! अरे, तुझ्या नाही, माझ्या! थोडं सरळ! खड्डा आहे!" मागची चाकं खड्ड्यात गेली आणि वर आली. एक आधी, एक नंतर, आपापल्या हातावर. कुणालाच काही कळलं नाही. "आणखी जोर दे! दे म्हणते ना! आलं, आलं, आलं, थांब!"

दोघं माथ्यावर होती. इतकी वर्षं चढताना समोर नुसती वाळू आणि आभाळ दिसायचं. आज डेल्मर सबंध टेकडी उलटी चढला होता, त्यामुळे त्याच्यासमोर खालची छावणी, झेंडे आणि पलीकडची सगळी व्हॅली उन्हात न्हाऊन पसरलेली होती. त्याने हळूच कप पुढे केला. सोकोरोने कॉफी ओतली.

"पाठ?" त्याने विचारलं. त्याचा जीव त्या एका शब्दात अडकला होता.

"काही नाही! गादीवर बसल्यासारखं वाटलं!" सोकोरो म्हणाली. तिचा आवाज ओला झाला. "पुढच्या वर्षीही मीच बसणार. दुसऱ्या कुणाला बसवलंस तर बघ."

डेल्मरला आभाळ ठेंगणं झालं. "मग माझ्याकडे बघ ना," तो म्हणाला.

"बघता येत नाहीय," सोकोरो म्हणाली. "मान अडकलीय."

चढताना सबंध वेळ ती मान उजवीकडे पिळून मागे बघत ओरडत होती. ती मान तिथेच राहिली होती! उजवीकडे वळलेली, घट्ट, ना पुढे ना मागे. त्या एका पुढच्या गिअरने, गाभण म्हशीच्या चालीने खाली येईपर्यंत डेल्मरने एका हाताने तिची मान चोळली, पण काही उपयोग झाला नाही.

खाली टर्की तयार होती. मांडव पुन्हा उभारला होता, वाचलेल्या पाई मांडल्या होत्या. सगळ्यांनी सोकोरोला आदराने टेबलाच्या मध्यावर बसवलं. तिच्या डावीकडे डेल्मर बसला. उजवीकडे बसला रोसेंडो.

अख्खं जेवण सोकोरो रोसेंडोकडे बघत जेवली. त्याच्या विनोदांना हसली. त्याचे दात बघितले. डेल्मरला तिचा अंबाडा तेवढा दिसत होता. जागा बदलून मागावी, तर शपथेला अजून तासही झाला नव्हता आणि सगळी छावणी त्याच्याकडेच बघत होती. मान खरोखरच अडकलीय ना, असं विचारण्याची तर सोयच नव्हती.

शेवटी त्याला एक युक्ती सुचली. "सोकोरो," तो अगदी सहज म्हणाला, "मीठ माझ्याकडे आहे. हवं असेल तर वळून घे."

सोकोरोने मान न वळवता हात मागे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "रोसेंडोलाही हवंय."